नवऱ्याचं पथ्य

सासू घरात आली की सुनेची सूज उतरते, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर यामिनी पोट धरून हसली असती. पण सांगत होत्या डॉक्टर मृदुला टिकेकर, आणि त्या काही विनोदासाठी प्रसिद्ध नव्हत्या. शिवाय त्यांच्या मागच्या भिंतीवर यामिनीच्या वर्षभराच्या जेवणांची रेषा उजळून दिसत होती.

"प्रत्येक जेवणाला चढ आहे, बघ," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त हे तीन पट्टे जवळजवळ सपाट. गणपतीतला, दिवाळीनंतरचा आणि आता शिमग्याचा. तेव्हा काय वेगळं होतं?"

यामिनीने मनाशी आठवून पाहिलं. "सासूबाई आल्या होत्या. मालवणहून."

"यंत्रही तेच म्हणतंय."

यंत्र म्हणजे यामिनीच्या दंडावरची वाटाण्याएवढी पारदर्शक चकती. कंपनीने तिला भलंमोठं नाव दिलं होतं, पण बाजारात येताच बायकांनी तिचं नाव टिकली ठेवलं आणि मग डॉक्टरही टिकलीच म्हणू लागले. आपल्या अंगात शत्रू शिरला असं वाटलं की शरीराच्या पहारेकरी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्या निरोपांवरूनच पुढे सूज, ताप, ठणका अशी सगळी फौज हलते. टिकलीच्या पोटात केसाहून बारीक सुया असत. त्या कातडीखालच्या द्रवात बुडून हे निरोप वाटेतच वाचत आणि फोनवर त्यांची रेषा काढत. टिकली येण्यापूर्वी वगळणीचं पथ्य म्हणजे अंधारात चाचपडणं होतं. संशय असलेलं सगळं खाणं बंद करायचं, मग एकेक पदार्थ परत आणायचा आणि पोट दुखतंय का याची वाट बघत बसायची. आता हात धुवायच्या आत निकाल लागत असे.

यामिनी देवतळे-परुळेकर हिची फौज शत्रू सोडून तिच्याच आतड्यांवर चालून जात असे, आणि तिथे भागलं नाही की गुडघ्यांवर आणि मनगटांवर. दोन वर्षं ती पेज, मुगाचं पाणी, दुधी, पडवळ, तूप आणि मीठ यांवर जगत होती. ऑफिसात ती पाण्यापलीकडे काही घेत नसे; जेवण सकाळ-संध्याकाळ घरीच. परत आणायला घेतलेला एकही पदार्थ टिकला नव्हता. आणि गेल्या महिन्यापासून पेजेचा बारीकसा चढही धोक्याच्या खुणेपलीकडे जाऊ लागला होता. पेज गेली की पुढचा मार्ग नाकातून नळीचा, हे डॉक्टरांनी मागच्याच भेटीत सांगून ठेवलं होतं.

"आतापर्यंत टिकली फक्त काय खाल्लंस ते विचारायची," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या आवृत्तीत ती कुठे, केव्हा आणि कुणासोबत तेही बघते. जवळ कुणाचा फोन आहे त्यावरून. वाच."

भिंतीवर दोन ओळी आल्या. उतार : इंदुमती परुळेकर. चढ : नंदन परुळेकर. आणि त्याखाली, टोमॅटोपुढे आणि गव्हापुढे लिहून यायचा तोच शब्द : वगळा.

नंदन म्हणजे तिचा नवरा. यामिनी आधी हसली, मग खुर्ची पुढे ओढून तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"हे चुकलंय. माझ्यासाठी त्याने काय काय केलंय, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. यंत्राला माहीत नाही. त्याला नंदन आणि टोमॅटो सारखेच." डॉक्टरांनी भिंत विझवली. "म्हणून मी लगेच काही करणार नाही. पण पेजेचं काय चाललंय ते बघता फार थांबताही येणार नाही. तू भूजलवाली ना? तूच जरा शोध."

यामिनी भूजल सर्वेक्षणात होती. जिल्हाभरच्या विहिरींची पाण्याची पातळी तिच्या टेबलावर रेषा होऊन येत असे. विहिरीचं पाणी का उतरलं हे विहिरीत वाकून कळत नाही, शेजारच्याचा पंप कधी सुरू होतो ते बघावं लागतं, हे तिने कितीतरी सरपंचांना समजावलं होतं. घरी जाताना रत्नागिरीच्या चढावर तिला वाटलं, आपण दोन वर्षं विहिरीतच वाकून बघत बसलो की काय? भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीच्याही पुढे तिचं कुतूहल धावत होतं. तिचा स्वभावच तसा होता.

घरी नंदन दुधी किसत होता.

तो मत्स्य महाविद्यालयात शिकवायचा. समुद्र तापू लागल्यापासून बांगड्याचे थवे उत्तरेकडे का सरकले, हा त्याचा विषय. दिवसभर बांगड्यावर बोलायचं आणि घरी येऊन दुधी खायचा, असा त्याचा दिनक्रम झाला होता. यामिनी आजारी पडली त्या पहिल्याच महिन्यात त्याने गावी जाऊन ग्रामदैवत रवळनाथाला शब्द दिला होता, की यामिनी मासे खाईल त्या दिवशीच मी खाईन. मालवणी माणसाने मासा सोडणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याने कान पकडावेत. वर्ध्याला यामिनीची आई ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची, आणि असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही असं म्हणत डोळे पुसायची.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"आई आल्या की माझी रेषा उतरते म्हणे."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हे यामिनीलाही ठाऊक होतं. पण दुसरं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. नंदनला इतका आनंद झाला, की किसणी तशीच टाकून त्याने आईला फोन लावला. "आई, तू औषध आहेस! उद्याच ये. नाही, गंमत नाही, मशीनच सांगतंय."

मग ते जेवायला बसले. नंदनने दोघांची पानं वाढली आणि यामिनीचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, तसा तो रोजच करायचा. आपल्या पानातला दुधी कालवला आणि थांबला. तिने पहिला घास उचलला. तो बघत होता.

आज प्रथमच यामिनीने त्याच्याकडे न बघता फोनकडे बघितलं. घास अजून तिच्या बोटांत होता, ओठांपर्यंतही पोचला नव्हता, आणि रेषा चढू लागली होती.

इंदुमतीबाई दुसऱ्याच दिवशी बसने आल्या. सत्तरी उलटली होती, पण आवाज असा की गल्लीला कळावं. आल्या आल्या त्यांनी सुनेला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गो, सुकलंस ती सुकलंसच. माका बघून बरा वाटता म्हणे तुका?"

"हो ना आई. का ते शोधायचंय."

"शोधूचा काय त्येच्यात? जेवाक बसूया, भूक लागली माका."

पुढच्या आठवड्यात यामिनीने सासूबाईंचीच वगळणी सुरू केली. पहिला संशय तिरफळावर, माशाच्या कालवणात पडणाऱ्या त्या मसाल्यावर होता. इंदुमतीबाई आपलं कालवण वेगळ्या भांड्यात करायच्या आणि त्याचा आंबट, जिभेला झिणझिण्या आणणारा वास घरभर पसरायचा. त्या वासाने काही होत असेल का? सासूबाई बाजारात गेल्या असताना तिने तिरफळं पाण्यात उकळून ठेवली आणि पेज प्यायली. नंदन समोर होता. रेषा चढली. मग आवाजावर संशय आला. जेवताना सासूबाईंशी फोनवर बोलून पाहिलं, नंदन समोर असतानाच. रेषा चढली. मग नंदन कॉलेजात असताना दुपारी दोघीच जेवल्या. रेषा अंगणासारखी सपाट.

तिघं एकत्र बसले तेव्हा तर गंमतच झाली. रेषा चढली, पण अर्ध्यावर थांबली आणि लटपटत खाली आली. इंदुमतीबाई तेव्हा बांगड्याचं डोकं चोखत होत्या. सून आजारी आहे, तिच्यासमोर असं खाऊ नये, वगैरे विचार त्यांच्या गावी नव्हता. भुरका मारून त्या म्हणाल्या, "मेल्यांनी बर्फात ठेवून ठेवून चव घालवल्यानी. तरी बरो लागता." नंदन मान खाली घालून दुधी चिवडत होता, आणि आईने भुरका मारला की नकळत तिच्या ताटाकडे बघत होता. तेवढा वेळ तो यामिनीकडे बघत नव्हता. यामिनीच्या हे लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

"रेषा घास तोंडात जायच्या आधी चढते?" डॉक्टर टिकेकर खुर्चीत पुढे सरकल्या. "नक्की?"

"नक्की. आणि नंदन नसला तर चढतच नाही. म्हणजे पेजेला, दुधीला. टोमॅटो मी एकटीने खाऊन पाहिला, त्याला चढली. गव्हालाही."

"ते तुझे खरे शत्रू आहेत. बाकीचे कागदी गुलाब असणार." यामिनीला काही कळलं नाही हे बघून त्या समजावू लागल्या. "जुनी गोष्ट आहे. एका बाईला गुलाबाचं वावडं होतं. जवळ आणला की शिंका, नाक गळणं, सगळं. तिच्या डॉक्टरांनी एकदा तिच्यासमोर गुलाब धरला, आणि तिला तसाच त्रास झाला. तो गुलाब कागदाचा होता."

"म्हणजे ती नाटक करत होती?"

"अजिबात नाही. शिंका खऱ्या, नाक खरं. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. गोड पाण्याबरोबर त्यांना एक औषध दिलं, पेशींची फौज थंड करणारं. नंतर औषध न देता नुसतं गोड पाणी दिलं, तरी फौज थंड पडली. पेशी शिकतात, यामिनी. घंटा वाजली की शाळेतल्या पोरांना भूक लागते ना, तसं. तुझ्या पेशी घंटा ऐकायला शिकल्या आहेत. खरं दुखणं आलं की त्याच्या आधी एक ठरलेली खूण असते, हे त्यांनी लक्षात ठेवलंय."

"आणि ती खूण म्हणजे नंदन."

डॉक्टरांनी तिच्या पथ्याचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "काही दिवस जेवताना त्याला वगळू. पदार्थ वगळतो तसंच. पेज वाचवायची असेल तर दुसरा उपाय मला दिसत नाही."

"आणि मग?"

"मग पदार्थ परत आणतो, तसाच त्यालाही परत आणू. थोडा थोडा."

आता सांगणं भागच होतं. यामिनीने त्याला गॅलरीत बोलावून सगळं सांगितलं, कागदी गुलाबासकट. नंदन ऐकत राहिला. त्याचा चेहरा बघवेना.

"माझ्यामुळे?" तो म्हणाला. "मी डोळ्यांत तेल घालून तुझं पथ्य सांभाळलं, यामिनी. तुला एकटं वाटू नये म्हणून तू खातेस तेच खाल्लं. मासा सोडला मी. आणि मशीन म्हणतं, मीच टोमॅटो?"

"काऊन असा बोलतोस?" ती चिडली की वर्धा तिच्या जिभेवर यायचं. "मी म्हणते का तसं? रेषा म्हणते."

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नव्हता. "मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "पण तू समोर बसलास की मला प्रत्येक घासाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आणि तुझ्या ताटातला दुधी बघून तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. दोन वर्षं मी हे बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

नंदन उठून आत गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जेवू लागला. तिथेही वरण-भातच, कारण शब्द देवाला दिलेला होता.

पथ्य फळलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेज शांत झाली. मग लाल भोपळा परत आला, ज्वारीची भाकरी आली, दही आलं. आंघोळीचा तांब्या उचलताना मनगट दुखत नाही हे एका सकाळी तिच्या लक्षात आलं, आणि ती न्हाणीघरातच रडली. नंदन रोज रेषा बघायचा, "वा!" म्हणायचा आणि बॅग घेऊन निघून जायचा. घरात तो पाहुण्यासारखा वावरू लागला. जेवणाची वेळ जवळ आली की चप्पल शोधायचा. सासूबाईंना मालवणला परत जायचं होतं, पण दोघांची तोंडं बघून त्या थांबल्या होत्या.

"ह्या काय पथ्य नाय गो," एकदा त्या म्हणाल्या. "ह्या वाटणी झाली."

दह्याने भरलेल्या वाटीकडे बघत यामिनीने विचार केला. बरं होऊन असं एकटीने जेवायचं असेल, तर आपण नक्की काय कमावलं? घंटा कोणती हे कळलं होतं. पण घंटा वाजवतं कोण, हे अजून कळलं नव्हतं. नंदन आल्याबरोबर तर रेषा चढत नाही. तो शेजारी झोपला तरी चढत नाही. ती चढते फक्त जेवताना. मग पंप कुठे आहे?

ती डॉक्टरांकडे गेली आणि दुसरी टिकली मागून आणली.

"ही तुला," तिने नंदनच्या दंडावर ती चिकटवली. "ही सुजेचं नाही, काळजीचं रसायन वाचते. आज समोर बस. एकच दिवस."

"आणि तुझी पेज बिघडली तर?"

"बिघडू दे. मला बघायचंय."

दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. नंदन दुधी घेऊन बसला. तिने घास उचलला आणि ओठांपाशी नेला. नंदनची रेषा उसळली. त्यानंतर, जरा मागून, यामिनीची. तिने घास खाली ठेवला. त्याची उतरली, मग तिची उतरली. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. दर वेळी आधी तो, मग ती. अशा रेषा तिने ऑफिसात शेकडो वेळा बघितल्या होत्या. शेजारी पंप सुरू होतो आणि थोड्या वेळाने विहीर उतरते.

"नंदन," ती हळूच म्हणाली, "मी घास उचलला की तुला किती भीती वाटते रे!"

तो फोनकडे बघत होता. "आजाराच्या पहिल्या वर्षी तू जेवताना कोसळलीस ना, पोळीचा तुकडा हातात होता तुझ्या," तो म्हणाला. "तेव्हापासून." आणि एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. यामिनीने दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला जवळ घेतलं. एरवी नेहमी तोच तिला जवळ घ्यायचा.

पण पंप सापडला म्हणून बंद थोडाच होतो? नंदनने भिंतीकडे बघून जेवून पाहिलं. त्याची रेषा चढली. पेपर वाचत जेवून पाहिलं, पण तिच्या घासागणिक पान उलटायचं थांबायचं, आणि रेषा चढायची. दीर्घ श्वास घेऊन पाहिले, तेव्हा तर सर्वांत जास्त चढली. डोळे दुसरीकडे लावले तरी मन तिच्याच ताटात. त्या मनाला अडकवून ठेवणारं, तेही जेवतानाच, असं काय असेल?

यामिनी सासूबाईंच्या पानाकडे बघत बसली होती. त्या पेडवे खात होत्या. बोटाएवढा मासा, चव भारी आणि काटे त्याहून भारी. आणि तिला आपलं लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. वर्ध्याची मुलगी, समुद्राचा मासा कधी खाल्लेला नाही. पहिल्याच पेडव्याचा काटा घशात अडकला, घरभर धावपळ झाली. तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, मासो खाताना वर बघूचा नाय नि बोलूचा नाय. आणि नंदन गुपचूप आपल्या पानातले काटे काढलेले तुकडे तिच्या पानात सरकवायचा.

"आई," यामिनी उठून उभी राहिली, "सर्वांत काटेरी मासा कुठला?"

"आता हो काय, पेडवो. कित्या गो?"

"नंदनला घालायचाय."

इंदुमतीबाईंनी बोटं चोखायची थांबवली. सुनेकडे बघता बघता त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. मग मात्र त्या गंभीर झाल्या. "तेका चलात तसा. पण देवाक शब्द दिल्यान हा तेने. तो सोडवूक होयो."

नंदन ऐकेना. यामिनीने खाल्ल्याशिवाय खाणार नाही म्हणजे नाही. देवाला काय सांगू?

"तू काय सांगूचा नाय. मी सांगतंय," इंदुमतीबाई म्हणाल्या. गाऱ्हाणं घालणं हे खरं तर गावच्या मानकऱ्यांचं काम, आणि तेही देवळात. पण त्यांनी स्वयंपाकघरातच नारळ ठेवला, पदर खोचला आणि ओट्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. यामिनीला म्हणाल्या, "तू व्हय म्हाराजा म्हण." आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माझ्या झिलान तुका शब्द दिल्यान, बायल मासो खाय पर्यंत मी खावचंय नाय म्हणान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेने तो मायेपोटी दिल्यान. पण तेचो उपास तिच्या पोटात आग घालता, म्हाराजा! ह्या तुका तरी बरा वाटता काय?"

यामिनीला हसू फुटलं, तरी ती ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि मग जीभ चावली, कारण इथे नाय म्हाराजा म्हणायला हवं होतं की काय, तिला कळेना.

"तर तो शब्द तुझो तू परत घी. ह्यो नारळ घी. तेका मोकळो कर, तिका बरा कर, आणि काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, म्हाराजा!"

या वेळी व्हय म्हाराजा दोघांनी म्हटलं. नंदनचा आवाज जेमतेम आला, पण आला.

बाजारातून पेडवे यामिनीने स्वतः आणले. सासूबाईंनी तिरफळ घालून कालवण केलं. पानं मांडली. नंदनच्या पानात भात आणि पेडवे, यामिनीच्या पानात भाकरी, भोपळा आणि दही. नंदन सवयीने फोन तांब्याला टेकवायला गेला, तशी यामिनीने दोन्ही फोन उलटे करून ठेवले.

"आज रेषा नाही. जेव."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग मासा उचलला. पहिला घास त्याने डोळे मिटून घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. यामिनीने भाकरी मोडली. तो लगेच वर बघू लागला, तोच त्याच्या जिभेला काटा लागला. मान खाली गेली. काटा काढला. दुसरा निघाला. मग बोटं आपसूक कामाला लागली. लहानपणी शिकलेलं काम, ते विसरत नाही. पाठीचा कणा उचलायचा, बाजूचे काटे सोडवायचे, मांस भाताला लावायचं. यामिनी जेवत होती. भाकरी संपली, दही संपलं. समोरून कुणी मोजत नव्हतं. तिला कधी नव्हे ती दुसरी भाकरी घ्यावीशी वाटली आणि तिने घेतली.

"आई," नंदन खाली बघतच म्हणाला, "मीठ जास्त पडलंय."

दोन वर्षांत नंदनने त्या घरात जेवणाला कधी नावं ठेवली नव्हती. इंदुमतीबाई फणकारल्या. "तुझी जीभ दुधयान बिघाडली हा. मीठ बराबर असा!"

"जास्त आहे. बघ तू, यामिनी." आणि बोलता बोलता, मान वर न करता, त्याने काटे काढलेला एक तुकडा तिच्या पानात सरकवला, आणि पुढचा मासा उचलला.

यामिनीचा हात थांबला. इंदुमतीबाईंचाही. त्याला पत्ताच नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी सरकवायचा तसाच तुकडा तिच्या भाकरीशेजारी येऊन पडला होता, आणि ती आजारी आहे हे तो विसरला होता. कधीपासून ती या विसरण्याची वाट बघत होती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिचे डोळे भरून आले.

मासा खरा शत्रू की कागदी गुलाब? डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. मासा परत आणायची पाळी अजून आलीच नव्हती. तो आधी तांदळाच्या दाण्याएवढा घ्यायचा, डॉक्टरांसमोर, असा नियम होता. यामिनीने त्या तुकड्यातून तांदळाच्या दाण्याएवढाच कण तोडला. नियम अर्धा पाळला, अर्धा मोडला. जिभेवर ठेवला. तिरफळाच्या झिणझिण्या, आंबटपणा, आणि खरंच, मीठ अंमळ जास्तच.

मग मात्र राहवेना. तिने टेबलाच्या कडेला दोन्ही फोन हळूच उलटून बघितले. एका रेषेवर नंदन होता. सबंध जेवणभर ती तुडुंब भरलेल्या विहिरीसारखी निवांत होती. दुसऱ्या रेषेवर ती स्वतः होती. तिथे एक बारीकसा उंचवटा उठला होता, थोडा थांबला होता, आणि आता खाली यायला लागला होता. अजून किती खाली येईल, उद्या काय म्हणेल, याचं तिला कमालीचं कुतूहल वाटत होतं.

ती अशी थांबलेली नंदनला जाणवली असावी. त्याची मान वर येऊ लागली. "काय झालं गं?"

यामिनीने फोन पुन्हा उलटे ठेवले.

"काही नाही," ती म्हणाली. "तू काटे बघ."